मोराचा कठडा

(कर्जत, नदीकडची बुद्धवाडी. १९७१ची दिवाळी नुकती होऊन गेलेली. कोंडीरामच्या घराची ओटी. दिवेलागणीच्या आधीची वेळ.)

जानकीबाई : पानी ठेवलंय म्होरं. घ्यायचं तर घ्या, नाय तर र्‍हाऊ द्या. आमी काय मनावर घेनार नाय.

सरोजिनी : घेते. चालून घसा कोरडा पडलाय. कोंडीराम घरात नाही का?

जानकीबाई : हायेत. मागल्या अंगाला इळ्यांना धार लावतायत. कापनी सरली, तरी येतात कुनाकुनाचे दोन-चार. आता तेच काम र्‍हायलंय त्यांना. पन तुमी कशा काय आलाव? वकिलाच्या घरचं मानूस ह्या वाडीत आलेलं कंदी कुनी बगितलं नाय. तिकडं बगा, दारादारांत बाया उभ्या र्‍हायल्यात.

सरोजिनी : राहू देत उभ्या. मला कोंडीरामशी बोलायचंय.

जानकीबाई : बोललाव की मागं एकदा. स्टेशनाम्होरं, भर बाजारात. ‘माझी पोर खाल्लीस, हात झडतील तुझे.’ मी ह्यांच्या बाजूला उभी व्हती, डोक्यावर तांदळाचं गठुडं घेऊन. इसरले नाय मी.

सरोजिनी : मीही विसरले नाही, जानकी.

जानकीबाई : अवो! ऐकलंत का? बाहेर या. नाना वकिलांच्या सरोजिनीबाई आल्यात.

कोंडीराम : बाई? तुमी हितं? निरोप धाडायचात, मी आलो असतो. जानके, चटई तरी टाक गं.

जानकीबाई : टाकलीया. तिच्यावरच बसल्यात.

कोंडीराम : नानांचं कळलं बाई. आलो व्हतो मी नदीवर. लोकं लय व्हती, म्हनून लांबच उभा र्‍हायलो.

सरोजिनी : सांगितलं मला लोकांनी. म्हणाले, त्याची हिंमत बघा, पोरीला मारून बापाच्या मयताला आला.

कोंडीराम : बोलनारच की.

सरोजिनी : मीपण तेच म्हणाले त्या दिवशी. पण त्याच्या आधी दोन दिवस नाना मला एक सांगून गेले होते. मी ते कुणाला बोलले नाही. महिनाभर घरात एकटी बसून तेच चघळतेय. आज म्हटलं, जाऊन विचारावंच.

कोंडीराम : काय बोलले नाना?

सरोजिनी : माझा हात धरला आणि म्हणाले, ‘कोंडीरामाचं काही चुकलं नव्हतं.’ मी विचारलं, मग कुणाचं चुकलं? तर तोंड भिंतीकडे केलं. पुढे दोन दिवस होते, पण त्याविषयी अक्षर बोलले नाहीत.

कोंडीराम : आजारी मानूस बाई. ग्लानीत काय बी बोलतं.

सरोजिनी : ग्लानीत नव्हते. त्याच दुपारी माझ्याकडून पेपर वाचून घेतला. कुठल्याशा निकालावर दोन शब्द बोललेसुद्धा. पूर्ण शुद्धीत होते. कोंडीराम, तीन दिवाळ्या मी त्या गॅलरीकडे पाठ करून काढल्या. माझी विमल आकाशकंदील बांधायला वाकली काय, आणि तुझा कठडा भिंतीतून उपटून तिच्यासकट अंगणात आला काय. एकोणीस वर्षांची पोर. तेव्हापासून मी एकच धरून बसले, कोंडीरामनं काम कच्चं केलं. नानाही येईल-जाईल त्याला तेच सांगायचे. आणि जाता जाता हे असं बोलून गेले. मी काय समजू?

कोंडीराम : काम माज्या हातचं व्हतं. माजंच चुकलं, असं समजा.

जानकीबाई : ऐकलंत? ‘असं समजा’ म्हने. तीन वर्सं हेच चाललंय आमच्या घरात.

कोंडीराम : जानके, चा ठेव जा.

जानकीबाई : ठेवीन मागनं. बाई आपल्या पायांनी आल्यात, इचारतायत. तुमी सांगत नसाल, तर मला सांगू द्या. बाई, तुमाला ठावं हाय का, ह्या मानसाचं काय झालं ते? इंजिन-शेडमधी घन मारून हात बसवला व्हता त्यांनी. फोरमन सायेब बोलायचा, ह्याच्या हातात लोखंड मेनावानी वाकतं. मंग सोताची भट्टी घातली. कर्जतात ज्याच्या त्याच्या खिडकीला ह्यांची जाळी, दाराला ह्यांचं फाटक. तुमच्या मोराच्या कठड्यापायी तर स्टेशनाकडनं येनारी मानसं मान वर करून उभी र्‍हायची. आनि तो पडला त्या दिवसापासून एका मानसानं खिडकीचं काम दिलेलं नाय. पोरं बी खेळताना काय मोडलं तर बोलतात, कोंडीरामचा कठडा झाला.

कोंडीराम : बास गं.

जानकीबाई : बास कसं? आमचा बुद्धाचा इहार बांदला औंदा. वर्गनी घरटी काडली. मी सोता घमेली वायली. आनि खिडक्यांच्या जाळ्या कुनाकडनं केल्या? नेरळच्या मानसाकडनं. आपलीच मानसं, बाई. कमिटीत एक बोलला, कोंडीरामला नको, उद्या कुनाच्या पोराच्या अंगावर पडायची. हे तिथंच बसले व्हते. मान खाली घालून उठून आले. आमच्या हिरूला खालापूरचं स्थळ आलं व्हतं. मुलाच्या बापाला कुनीतरी सांगितलं, तो कठडेवाला तो हाच. फिरून आले नाय ते.

सरोजिनी : तुझी हिरू आहे ना पण.

जानकीबाई : …हाय.

सरोजिनी : मग दुसरं स्थळ येईल.

जानकीबाई : येईल. तुमचं दुख मोठं हाय, ते मला कळतं. मी बी आय हाय. पन मोठ्या दुखाखाली धाकट्यानं चिरडून मरायचं, असं कुटं लिवलंय?

सरोजिनी : मी भांडायला आलेले नाही गं. कोंडीराम, एवढंच सांग. नानांनी काय केलं होतं?

कोंडीराम : नाना गेले बाई. गेल्या मानसाचं काय काडायचं?

सरोजिनी : म्हणजे काहीतरी केलं होतं.

कोंडीराम : तसं नाय बोललो मी.

सरोजिनी : न बोलताच बोललास. मी वकिलाची बायको आहे, कोंडीराम. अडचणीचं काही आलं की माणसं कशी जमिनीकडे बघत बोलतात, ते मी आयुष्यभर ओटीवर बसून पाहिलंय. कठडा का पडला?

कोंडीराम : मधला दांडा नव्हता म्हनून.

सरोजिनी : कुठला मधला दांडा?

कोंडीराम : कठडा लांब व्हता बाई. दोन्ही टोकं भिंतीत गाडलेली. पन येवड्या लांबीला मधी एक जाड दांडा लागतो. वरच्या पट्टीपासून निघतो, थेट खाली स्लॅबमधी जातो. मानूस रेललं की भार त्याच्यावर येतो. तो नसला, तर सगळा भार दोन टोकांवर. टोकं सुटली की संपलं.

सरोजिनी : मग तू तो घातलाच नाहीस?

कोंडीराम : घातला व्हता. मागनं काडला.

सरोजिनी : का?

कोंडीराम : काडायला लावला म्हनून.

सरोजिनी : कुणी?

जानकीबाई : बोला.

सरोजिनी : कोंडीराम, कुणी काढायला लावला?

कोंडीराम : …नाना बोलले, काड.

सरोजिनी : हं. वाटलंच होतं मला.

कोंडीराम : मी त्यांना सांगितलं व्हतं, नाना, ढिला पडंल.

सरोजिनी : सांगितलं होतंस. आणि तरी त्यांनी काढायला लावला. आणि पोर गेल्यावर सगळं तुझ्यावर ढकलून मोकळे झाले. वकीलच ते! तीन वर्षं, कोंडीराम, तीन वर्षं त्या माणसाला मी वेळच्या वेळी औषध दिलं. रात्री उठून बसायचे, तर मी पाठीवरून हात फिरवायचे. मला वाटायचं, विमलसाठी झुरतायत. झुरत नव्हते. उघडं पडायची भीती होती.

कोंडीराम : नाय बाई, तसं नाय.

सरोजिनी : मग कसं? मी म्हणत होते, केस करा, ह्याला तुरुंगात घाला. तर म्हणायचे, जाऊ दे, पोर काही परत येत नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. आता कळलं. केस उभी राहिली असती, तर तू कोर्टात तोंड उघडलं असतंस.

कोंडीराम : नानांना असं बोलू नका.

सरोजिनी : का नको बोलू? तुला त्यांनी धुळीला मिळवलं, तरी तू त्यांची बाजू घेतोस? शेवटच्या दिवशी माझ्याकडे बघत होते. काहीतरी म्हणायचं होतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, म्हटलं, शांत व्हा. आता वाटतं, नको होता ठेवायला. माझ्या पोरीला मारणारा माणूस माझ्या हातचं पाणी पिऊन गेला. त्याचं वर्षश्राद्ध मी होऊ देणार नाही. दिरांना आजच सांगते, त्या माणसाच्या नावानं माझ्या घरात—

कोंडीराम : बाई, हात जोडतो. नका बोलू पुढं. पाप लागंल तुमाला.

जानकीबाई : त्यांना ठावं नाय म्हनून बोलतायत. मी सांगते.

कोंडीराम : जानके, गप बस.

जानकीबाई : तीन वर्सं गपच हाय. त्या मेलेल्या मानसाला शिव्या घालतायत, आनि तुमी नुसते ‘नका बोलू, नका बोलू’. अदुगर सोतावर घेतलं, आता निम्मं त्याच्यावर टाकलं. पुरं बोलायला जीब रेटत नाय तुमची.

कोंडीराम : मी शबूद दिलाय.

जानकीबाई : मी दिलेला नाय. बाई, हिकडं बगा. कठडा वर चडवायच्या आदी तुमच्या अंगनात आडवा ठेवला व्हता, तुळशीच्या बाजूला. आठवतं?

सरोजिनी : आठवतं. रंग द्यायचा होता म्हणून.

जानकीबाई : मी बी व्हती तवा, घासकागद मारायला. तुमी चा घेऊन बाहेर आलाव.

सरोजिनी : हो. नाना होते. कोंडीराम उकिडवा बसला होता. मी पहिल्यांदाच तो मोर पुरता पाहिला. पिसारा इतका नाजूक, एकेक डोळा वळवलेला. मला खरंच वाटेना, की हे लोखंड आहे. मी म्हणाले, किती सुरेख केलंयस रे.

जानकीबाई : फुडं?

सरोजिनी : पुढे काय? चहा दिला आणि आत गेले.

जानकीबाई : आत जायच्या आदी आनकी काय तरी बोललाव.

सरोजिनी : नाही आठवत. म्हटलं असेन काही. गमतीत काहीतरी म्हणाले होते. मोर पिंजऱ्यात घातल्यासारखा दिसतो, असं काहीसं.

जानकीबाई : कशापायी तसा दिसत व्हता?

सरोजिनी : त्याच्या पिसाऱ्याच्या मधोमध तो एक जाडजूड…

कोंडीराम : बाई, पानी घ्या. जानके, पानी दे त्यांना.

सरोजिनी : मी म्हणाले, हा सोटा कशाला मध्ये. मोराच्या पोटातून गेल्यासारखा वाटतो. हा नसता, तर किती छान दिसलं असतं.

जानकीबाई : आसंच बोललाव.

सरोजिनी : मी नुसतं म्हटलं. हातात चहाचा ट्रे होता. नुसतं म्हटलं आणि वळले. आत फोडणी जळत होती. मला काय माहीत, तो दांडा कशासाठी आहे? मला वाटलं, नक्षीतलाच एक भाग. कुणी मला सांगितलं असतं, की हा भार घेतो, तर मी कशाला—

कोंडीराम : तुमाला कसं ठावं असनार? ते ठावं असायचं काम माजं. मला ठावं व्हतं. नानांना बी मी सांगितलं.

सरोजिनी : ते काय म्हणाले?

कोंडीराम : र्‍हाऊ द्या.

सरोजिनी : सांग. आता काही ठेवू नकोस.

कोंडीराम : बोलले, ‘कोंडीराम, हिनं लग्न झाल्यापासून एक वस्तू माज्याकडं मागितली नाय. लुगडं दिलं ते नेसली, घर बांदलं त्यात र्‍हायली. आज पयल्यांदा हिला काय तरी मनापासनं आवडलंय. काड तो दांडा. तिथं कोन लोंबकळनार हाय?’

सरोजिनी : असं म्हणाले?

कोंडीराम : आसंच. मी बोललो, काडतो, पन मंग बाहेरच्या बाजूनं दोन टेकू मारावे लागतील, खालच्या भिंतीपासनं तिरपे. रस्त्यावरनं दिसतील, पन मोराच्या आड येनार नायत. नाना बोलले, मार, पन पाऊस तोंडावर आलाय, भिंतीला नवा चुना दिलाय, आता भोकं नको. पावसाळा सरल्यावर बगू. टेकू मी तयार करून ठेवले व्हते. त्यांना बी पानाची नक्षी केली व्हती. नवरात्रात घेऊन आलो, तर नाना अलिबागला गेलेले कोर्टाच्या कामाला. तुमी बोललाव, ते आल्यावर या. टेकू घेऊन तसाच घरी परत आलो. मंग दिवाळी आली.

सरोजिनी : आलास तेव्हा म्हणाला का नाहीस, की घाई आहे? का नाही म्हणालास, की ह्याच्याशिवाय धोका आहे?

कोंडीराम : तेच मी माज्या जिवाला इचारतो बाई. दाराशी उभा र्‍हाऊन वकिलाच्या घरात ‘धोका हाय’ म्हनायचं, तर माजंच काम खोटं म्हनल्यागत. वाटलं, आठ दिसांनी येऊ.

जानकीबाई : बगा. सगळ्यांचं थोडं थोडं. पन नाव कुनाचं झालं?

सरोजिनी : नाना तुझ्याकडे कधी आले होते? तू शब्द दिलाय म्हणालास.

कोंडीराम : पोरीचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी. हितंच, ह्या ओटीवर. मला पोलिसांनी बसवून ठेवलं व्हतं, तिथनं नानांनीच सोडवून आनलं व्हतं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं, तर बरं झालं असतं. हात जोडले त्यांनी. नाना वकिलांनी माज्याम्होरं हात जोडले. बोलले, ‘तिला तिचं ते बोलनं आठवत नाय. आठवलं, तर ती आड जवळ करील. तिला कळू देऊ नको. मला तुज्यावरच टाकावं लागंल, गावात तसंच बोलावं लागंल. दुसरं कुनी नसंल, तर ती शोधत र्‍हाईल, आनि शोधत शोधत तिथं जाईल. तुला सोसवंल का?’

सरोजिनी : आणि तू काय म्हणालास?

कोंडीराम : काय बोलनार? त्यांची पोर गेली व्हती. माज्या हातच्या लोखंडानं गेली व्हती. मी बोललो, सोसतो.

जानकीबाई : मी चुलीपाशी बसून ऐकत व्हती. मला वाटलं, वर्सभर. मंग लोकं इसरतील. लोकं इसरत नायत.

सरोजिनी : त्यानंतर नाना तुझ्याशी कधी बोलले?

कोंडीराम : कंदीच नाय. वाटंत दिसले, तर तोंड फिरवायचे. मी बी फिरवायचो. एकदा स्टेशनाच्या पुलावर अगदी समोरासमोर आलो. दोघांनी खाली बगितलं. त्यांचं धोतर माज्या हाताला घासून गेलं.

सरोजिनी : आणि मी त्यांना आत्ता… तुमच्या दोघांच्या देखत काय काय बोलले मी त्यांना!

कोंडीराम : ते हितंच र्‍हायलं बाई. वाडीच्या बाहेर नाय जानार.

सरोजिनी : दोघांनी बसून ठरवलं. एक माझा नवरा, एक गावातला लोहार. हिला सांगायचं नाही, ही मरेल. मी काय कुक्कुलं बाळ होते? माझी पोर, माझी जीभ, माझं पाप. मला कुणी विचारलं?

जानकीबाई : मला तरी कुनी इचारलं?

सरोजिनी : …नाही. तुलाही नाही विचारलं.

जानकीबाई : दोघांनी तुमाला जपलं. बरं केलं का वाईट केलं, ते त्यांचं त्यांना म्हाईत. पन जपनूक फुकट होत नाय बाई. कुनाला तरी अंगावर घ्यावी लागती. तुमी रडलाव, तर सारं कर्जत तुमच्याकडं आलं. मी रडले, ती ह्या मागल्या खोलीत, त्वांडात पदर कोंबून. का, तर नवरा शबूद देऊन बसलाय.

सरोजिनी : आता नाही. आता मी गावात सांगते. उद्याच सांगते.

जानकीबाई : काय सांगाल?

सरोजिनी : सांगते, की कोंडीरामचं काही चुकलं नव्हतं. त्यानं दांडा घातला होता. नानांनी तो काढायला लावला.

जानकीबाई : नानांनी.

सरोजिनी : ते खोटं नाही. ‘काढ’ असं नानाच म्हणाले ना?

कोंडीराम : नाय बाई. नानांचं नाव नका घेऊ.

सरोजिनी : आता त्यांना काय फरक पडणार आहे?

कोंडीराम : मला पडतो. त्या मानसानं त्यांच्यापायी नाय, तुमच्यापायी माज्याम्होरं हात जोडले. आनि आता तुमीच त्यांच्यावर टाकायचं? त्यांना तोंड बी नाय आता उलटून बोलायला. त्यापरीस माजं हाय तसं र्‍हाऊ द्या. मला सवय झालीया.

जानकीबाई : मला नाय झाली.

कोंडीराम : जानके…

जानकीबाई : नाय झाली मला. तुमी शबदाचे धनी. नाना मायेचे धनी. लय मोठी मानसं दोघं बी. मी बाजारात जाते, मीठ-मिरची आनते, लोकं काय बोलतात ते मी ऐकते. हिरूला कोन बगायला येत नाय, तर ती माज्याकडं बगते, तुमच्याकडं नाय. बाई, नानांचं नाव घेऊ नका, हे बोलतात ते बरोबर हाय. तुमी तुमचं घ्या.

सरोजिनी : माझं.

जानकीबाई : कमिटीची मानसं उद्या इहारात बसनार हायेत. तुमी या. दोनच वाक्यं बोला. फुडं कुनी काय इचारलं, तर मी हाय.

कोंडीराम : येवडं नको गं.

जानकीबाई : तुमी थांबा. बाई, येनार?

सरोजिनी : येईन. येते. आणि माझ्या शेजारणींना, दिरांना, सगळ्यांना सांगते.

जानकीबाई : काय सांगाल, ते हितं आमच्याम्होरं एकदा बोला. बोलून बगा.

सरोजिनी : सांगेन, की कठडा अंगणात होता… कोंडीरामनं तो नीट केला होता. मधे दांडा होता. आणि मी बाहेर आले. आणि मी…

जानकीबाई : बोला.

सरोजिनी : मी म्हणाले, की… विमल तेव्हा माझ्या मागेच उभी होती गं. मी म्हणाले तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘आईला मोर मोकळा हवाय.’ हसत होती ती. मी हे विसरले होते. आत्ता आठवलं.

कोंडीराम : नका बोलू बाई. पुरं झालं.

सरोजिनी : जमत नाही गं, जानकी. तोंडातून निघत नाही. मी घरी जाऊन पुन्हा एकदा… उद्या नाही. उद्या नाही जमायचं. जमेल तेव्हा मी स्वतः येईन. येईन मी.

जानकीबाई : या. तवर आमी हावच.

सरोजिनी : तुला राग आला.

जानकीबाई : राग तुमी यायच्या आदी व्हता. आता काय हाय, ते माजं मलाच कळंना.

सरोजिनी : कोंडीराम, मी बाजारात तुला म्हणाले होते, हात झडतील—

कोंडीराम : झडले नायत बाई. हायेत. धार लावायला पुरतात.

सरोजिनी : निघते मी.

कोंडीराम : काळोख पडला. मी येतो रस्त्यापतोर.

सरोजिनी : नको. लोक बघतील. उगाच तुला आणखी—

जानकीबाई : लोकांनी बगायचं ते बगितलं. अवो, कंदील घ्या तो. नदीच्या अंगाची वाट खचलीया, दगडं वर आल्यात.

कोंडीराम : चला बाई. माज्या मागनं या.

जानकीबाई : मागनं नको. म्होरं घाला त्यांना, आनि लागला तर हात द्या. वाटंत पडल्या, तर ते बी तुमच्याच नावावर जाईल.